कंट्री बारमध्ये गिग मिळालाय? मग या चुका टाळा

टेक्ससमधल्या कंट्री बँडचं बोलावणं बहुतेक वेळा आदल्या दिवशी येतं, कधी त्याच दुपारी. कुणाचा तरी गिटारवाला आजारी पडलेला असतो. बँडलीडर फोनवर एवढंच सांगतो : नऊ ते एक, चार सेट, शर्ट बरा घाल. तालीम नाही. चाळीसेक गाणी वाजवायची आणि त्यातली निम्मी तुम्ही कधी हातात धरलेली नसतात. ऑस्टिन-डॅलसकडे मराठी वस्ती वाढली, तसे आपल्यातले गिटारवाले, बासवालेही आता अशा बँडमध्ये अधूनमधून दिसतात. वाजवण्यात ते कमी पडत नाहीत. घोटाळा होतो तो बाकीच्या गोष्टींत.

मैफल समजून वाजवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि चांगल्या वादकाकडून जास्त होणारी. लोक तुम्हाला ऐकायला आलेले नसतात, ते नाचायला आलेले असतात. ऑस्टिनचा १९६४ पासूनचा ब्रोकन स्पोक हा नाचाचा बार घ्या किंवा न्यू ब्रॉनफेल्समधला १८७८ सालचा ग्रीन हॉल. खरा मान डान्स फ्लोअरचा. जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असतात, टू-स्टेप या नाचाची पावलं दोन जलद, दोन संथ अशी पडत असतात. ड्रमर जरा पळाला की म्हातारी जोडपी आधी बाजूला होतात. ती बसली की फ्लोअर रिकामा, आणि रिकामा फ्लोअर मॅनेजरला काउंटरवरून लगेच दिसतो.

म्हणून दोन गाण्यांच्या मध्ये ट्यूनिंगचा टिंगटिंगाट नको. पेडल ट्यूनर घ्या, आवाज बंद करून सूर लावा. कॅपो (गिटारच्या मानेवरचा चाप) लावला की तारा चढतात, तेव्हा पुन्हा तपासा. लागोपाठ दोन वॉल्ट्झ (तीन मात्रांची गाणी) घेऊ नका. सोलो आला तर अर्ध्या कडव्याचा, आणि चाल ओळखू येईल असा. पुण्यात ब्लूज जॅममध्ये वाढलेल्या मुलाला हे फार जड जातं. तीन आवर्तनं घेतल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही, आणि तोवर गायक माइकपाशी तोंड उघडून उभा.

गायकाच्या ओळींमधल्या भरण्याच्या जागांचंही तसंच. पहिल्या कडव्यात पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची गिटार), दुसऱ्यात फिडल (व्हायोलिन), धृपदाला गिटार अशी वाटणी बहुधा न बोलता ठरलेली असते. पेडल स्टील आणि टेलिकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार एकाच सप्तकात एकाच वेळी बोलू लागले की नुसता चिखल होतो. स्टीलवाला वाजवत असेल तेव्हा तारांवर हात ठेवून गप्प राहता आलं, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन येतो. बासवाल्यांनी पहिला आणि पाचवा सूर सोडून फार भटकू नये. ठेका त्यावरच उभा आहे.

बोटांचे आकडे चुकीचे वाचणं

नॅशव्हिलची आकड्यांची पद्धत १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टुडिओत जन्मली. जॉर्डनेअर्स या गायक-चौकडीतल्या नील मॅथ्यूज यांनी ती रचली, चार्ली मॅकॉय आणि इतर सेशन वादकांनी ती वाद्यांसाठी उचलली. गाण्याची पट्टी कोणतीही असो, षड्जावरची कॉर्ड १, मध्यमावरची ४, पंचमावरची ५. बारमध्ये कागद नसतो, म्हणून हेच आकडे बोटांवर येतात.

आता यातली मेख बघा. गाणं सुरू व्हायच्या आधी लीडर बोटं दाखवतो ती पट्टीसाठी. एक बोट वर म्हणजे जी, दोन म्हणजे डी, तीन ए, चार ई. पट्टीत जितके शार्प (चढे सूर) तितकी बोटं. बोटं खाली वळली की फ्लॅटच्या (उतरत्या सुरांच्या) पट्ट्या : एक खाली एफ, दोन खाली बी फ्लॅट. पंजा वाकवून अर्धगोल केला की सी. पण गाणं सुरू झालं की त्याच बोटांचा अर्थ बदलतो. सुरुवातीला दाखवलेली दोन बोटं म्हणजे डीची पट्टी, मधल्या ओळीत दाखवलेली दोन बोटं म्हणजे २ नंबरची कॉर्ड. नवखा माणूस हमखास इथे आपटतो.

आपली आणखी एक गल्लत होते. पेटीवाल्यांच्या संगतीत वाढलेल्याला ‘काळी चार’, ‘पांढरी पाच’ हे आकडे ठरलेल्या जागेचे वाटतात. इथला आकडा सा पासून मोजलेला असतो, आणि सा हलतो. तिसऱ्या सेटला गायकाचा घसा बसला की कालचं जीमधलं गाणं आज एफमध्ये येतं. तुमची सगळी करामत मोकळ्या तारांवर असेल तर तिथे हात बांधले जातात. तेच लिक (पाठ केलेल्या छोट्या सुरावटी) ई आणि ए सोडून एफ आणि बी फ्लॅटमध्येही बसवून ठेवा. आणि नजर स्वतःच्या फ्रेटबोर्डवर नको, लीडरच्या हातावर हवी. मूठ वर गेली की गाणं संपवायचं. तुम्ही खाली बघत असलात तर एकटेच वाजवत राहाल.

गुणगुण ऐकून भलतंच काहीतरी दुरुस्त करणं

बारच्या भिंतीवर बिअरच्या निऑन पाट्या असतात, आणि स्टेज नेमकं त्यांच्याखाली. टेलिकास्टरचे सिंगल कॉइल पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारे, एकेरी गुंडाळीचे) त्या पाट्यांच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण आनंदाने उचलतात. भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणून आपल्याकडची घरघर साधारण पांढरी पाचच्या आसपास बसते. अमेरिकेत ६० हर्ट्झ, म्हणजे काळी पाच आणि पांढरी सातच्या मधोमध, धड कुठल्याच सुरात नाही.

आधी निदान करा. गिटारचा आवाज पूर्ण शून्यावर आणा. गुणगुण गेली? मग ती पिकअपमधून येतेय. उभ्या जागी हळूहळू वळून बघा. एका कोनात ती जवळजवळ गायब होते, तो कोन लक्षात ठेवा आणि तिथेच उभे राहा. बऱ्याच नव्या टेलिकास्टरमध्ये पिकअप निवडायचा सिलेक्टर मधल्या जागी ठेवला की दोन पिकअप एकमेकांची गुणगुण मारतात. पाटी बंद करायला सांगून बघा, पण आशा ठेवू नका. नॉइज गेट (बारीक आवाज आपोआप बंद करणारं पेडल) लावला तर शांतता मिळेल, मात्र व्हॉल्यूम पेडलने हळूच फुलवलेले सूरही तो गिळतो.

आवाज शून्यावर असूनही गुणगुण राहिली, तर दोष केबलमध्ये, पेडलांच्या अडॅप्टरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये. अँप (अँप्लिफायर) आणि पेडलबोर्ड यांची वीज एकाच पॉवर स्ट्रिपवरून घ्या. डीआय बॉक्स (गिटार थेट साउंड सिस्टिमला जोडणारी डबी) असेल तर त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. एक गोष्ट मात्र कधीही करायची नाही : प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन तोडणं. जुन्या अँपमध्ये दोष असला तर तारांना धरलेला हात आणि माइकला लागलेले ओठ यांच्यातून वीज जाते, आणि अशाने माणसं मेलेली आहेत. परक्या ठिकाणी मल्टिमीटर लावून तारा आणि माइकची जाळी यांच्यातला व्होल्टेज बघायला अर्धं मिनिट लागतं. लोक हसतील. हसू द्या.

अँप पायाशी ठेवून आवाज वाढवणं

जमिनीवरचं अँप तुमच्या पोटऱ्यांना ऐकू जातं. तुम्ही आवाज चढवता आणि पहिल्या टेबलवरच्या बाईच्या कानात खिळे ठोकले जातात. अँप खुर्चीवर ठेवा किंवा मागे तिरकं करा. ८५ वॉटचं ट्विन रिव्हर्ब अँप लहान बारमध्ये आणायचं कारणच नाही, २२ वॉटचं डिलक्स पुरून उरतं आणि कंबरही वाचते.

कानाचं गणित मात्र गंभीर आहे. अमेरिकेतल्या नायोश या सरकारी संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला आठ तास चालतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. तुम्ही झांजांच्या शेजारी चार सेट उभे असता. औषधाच्या दुकानातले फोमचे बोळे वरचे सूर जास्त कापतात, मग तुम्ही ट्रेबल वाढवता आणि लोकांचे कान जातात. वादकांसाठीचे, सगळे सूर सारखे उतरवणारे प्लग घ्या.

टिपचे पैसे म्हणजे काही पगार नव्हे, असं समजणं

नॅशव्हिलच्या लोअर ब्रॉडवेवर बँड चार-चार तासांच्या पाळ्या करतात, आणि कमाईचा मोठा भाग टिपच्या बादलीतून येतो. गाणं चालू असताना बँडमधलाच कुणीतरी ती घेऊन गर्दीत फिरतो. तमाशातली दौलतजादा पाहिलेल्याला यात नवल वाटणार नाही.

पण एच-वन-बी व्हिसावर असाल तर थांबा. ज्या कंपनीने व्हिसा काढला तिच्याखेरीज दुसरीकडे कमावण्याची मुभा तुम्हाला नाही, आणि बादलीतले डॉलरही कमाईच. एफ-वनवरच्या विद्यार्थ्यांनाही परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येत नाही. ‘मी फुकट वाजवतो’ हाही हुकमी बचाव नव्हे. आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. मला याबाबत दुकानात, पार्टीत फार बेफिकीर सल्ले ऐकू येतात. एका रात्रीच्या साठ-सत्तर डॉलरसाठी ग्रीनकार्डाची फाइल अडकवू नका. ज्यांना कामाची मुभा आहे त्यांनी हिशोब ठेवावा : स्वतंत्र धंद्यातली निव्वळ कमाई वर्षाला ४०० डॉलर झाली की रिटर्न भरावंच लागतं. तारा, केबल, गाडीचे मैल, सगळं लिहून ठेवा, ते वजा होतं.

फर्माईशीला माइकवरून नकार देणं

वीस डॉलर हातात धरून कुणीतरी येणार आणि कंट्रीशी काहीही संबंध नसलेलं गाणं मागणार. उत्तर देणं हे लीडरचं काम. येत नसलेल्या गाण्याचे पैसे घेऊ नका. झिंगलेल्या माणसाशी वाद घालू नका, बाउन्सर त्यासाठीच आहे. ग्लास अँपवर ठेवू नका.

एक वाजल्यावरची घाई

बारटेंडर गल्ला मिटवायच्या आत पैसे घ्या. त्यानंतर ‘मंगळवारी ये’ ऐकावं लागतं. केबल गुंडाळताना स्वतःच्या ओळखायला टोकाला रंगीत टेप लावलेली असू द्या, कारण सगळ्यांच्या काळ्याच असतात. आणि कितीही थकला असाल तरी अकूस्टिक गिटार गाडीत ठेवून झोपायला जाऊ नका. टेक्ससच्या जुलैत दुपारपर्यंत बंद गाडी इतकी तापते की डिंक मऊ पडतो आणि ब्रिज उचलला जातो. ती दुरुस्ती बहुधा त्या रात्रीच्या कमाईपेक्षा महाग पडते.