लुडविग्सहाफेनला जाताय? हॉटेल नदीपलीकडे बघा

बीएएसएफ या रसायन कंपनीच्या कामासाठी जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनला जाणारे बहुतेक जण हॉटेलही त्याच गावात शोधतात. तिथे पर्याय मोजकेच. ऱ्हाइन ओलांडली की लगेच मानहाइम, आणि तिथे स्टेशनजवळच भरपूर हॉटेलं आहेत. दोन्ही शहरांत ट्राम आणि एस-बान (लोकल गाड्या) सतत धावतात, मधलं अंतर काही मिनिटांचं. फ्रँकफर्ट विमानतळावरून थेट आयसीई ही वेगवान रेल्वेही मानहाइमलाच येते, म्हणजे बॅगा ओढत गाडी बदलायला नको.

लुडविग्सहाफेनमध्येच राहायचं असेल, तर मुख्य स्टेशनऐवजी ‘मिटे’ स्टेशनच्या आसपास बघा. गावाचा मध्य आणि नदीकाठ तिथूनच जवळ.

कंपन्यांची वर्दळ सोमवार ते गुरुवार असते. शनिवार-रविवारी दर बरेचदा उतरतात. नाश्ता भाड्यात धरलाय का, तेही विचारून घ्या. शाकाहारी असाल, तर त्याचे वेगळे पैसे मोजण्यापेक्षा बेकरी बरी!