लिनक्स ड्रायव्हरसाठी मेमरी राखून कशी ठेवावी

कॅमेरा, व्हिडिओ डीकोडर, सिग्नल प्रोसेसर अशा उपकरणांना बऱ्याचदा सलग मोठी मेमरी लागते. यंत्रणा काही वेळ चालली की रॅमचे तुकडे पडतात आणि ३२ मेगाबाइटचा सलग पट्टा मागूनही मिळेलच असं नाही. म्हणून तो बूट होतानाच बाजूला काढायचा.

कोडला हात लावण्याआधी एक गोष्ट ठरवा: या पट्ट्याला कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, स्पर्श केलेला चालेल का? बहुतेक चुका इथेच होतात. पट्टा दुसऱ्या प्रोसेसरच्या फर्मवेअरचा किंवा सुरक्षित भागाचा असेल तर ‘नो-मॅप’ (पट्टा कर्नलच्या पत्त्यांच्या नकाशात घेऊ नको, असं सांगणारा गुणधर्म) लिहायलाच हवं. "माझा ड्रायव्हर तिकडे वाचतच नाही" हे उत्तर पुरत नाही. कर्नलच्या नकाशात तो पत्ता असला, की सीपीयू अंदाज बांधून तिथली मेमरी आधीच वाचू शकतो. मग कधीतरी, कारण न कळता, यंत्रणा कोसळते. असा दोष शोधण्यात दिवसच्या दिवस जातात.

उपकरण अधूनमधूनच वापरात असेल तर ‘रीयुजेबल’ हा गुणधर्म बरा. एरवी कर्नल तिथे मेमरीची हलवता येणारी पानं (छोटे ठरावीक तुकडे) ठेवतो आणि गरज पडली की हलवतो. त्याला थोडा वेळ लागतो. हे दोन्ही गुणधर्म एकत्र लिहिता येत नाहीत.

आता डिव्हाइस ट्रीच्या (कर्नलला हार्डवेअरचं वर्णन देणाऱ्या फाइलच्या) मुळाशी ‘रिझर्व्ड-मेमरी’ नोड करा. ॲड्रेस-सेल्स आणि साइझ-सेल्स (पत्ता आणि आकार किती आकड्यांत लिहायचे ते) मुळाइतकेच ठेवा, रिकामं ‘रेंजेस’ विसरू नका. आतल्या नोडमध्ये फर्मवेअरला ठरावीक पत्ता हवा असेल तरच ‘रेग’ (पत्ता आणि आकार) द्या; नाहीतर ‘साइझ’ आणि ‘अलाइनमेंट’ देऊन जागा कर्नलला निवडू द्या. उपकरण ३२ बिटांचेच पत्ते काढत असेल तर ‘अलॉक-रेंजेस’ने पट्टा ४ गिगाबाइटच्या खाली बांधा.

डीएमएसाठी (उपकरणाने सीपीयूशिवाय थेट मेमरी वापरण्यासाठी) पट्ट्याच्या नोडच्या ‘कंपॅटिबल’मध्ये ‘शेअर्ड-डीएमए-पूल’ लिहा आणि उपकरणाच्या नोडमधून ‘मेमरी-रीजन’ने या पट्ट्याकडे बोट दाखवा. प्रोबमध्ये (उपकरण सापडल्यावर चालणाऱ्या ड्रायव्हरच्या फंक्शनमध्ये) ‘ऑफ_रिझर्व्ड_मेम_डिव्हाइस_इनिट’ बोलवा, परत आलेला एरर कोड तपासा, मग नेहमीच्या ‘डीएमए_अलॉक_कोहेरंट’ने बफर घ्या. ‘नो-मॅप’ पूल संपला तर ही मागणी नाकारली जाते, कर्नल दुसरीकडून मेमरी देत नाही. त्यामुळे आकार सगळे बफर मोजूनच ठरवा. ड्रायव्हर काढताना आधी बफर परत करा, मग ‘ऑफ_रिझर्व्ड_मेम_डिव्हाइस_रिलीज’. प्रोब मध्येच फसला तरी हाच क्रम.

डीएमए नको, नुसती मेमरी वाचायची असेल तर ‘मेम-रीमॅप’ हे फंक्शन वापरा. ‘नो-मॅप’ पट्ट्यावर ‘फिज_टू_व्हर्ट’ (प्रत्यक्ष पत्त्यावरून कर्नलचा पत्ता काढणारं फंक्शन) चालत नाही, कारण तिथे नकाशाच नसतो.

शेवटी बूटचा लॉग पाहा आणि ‘प्रॉक’मधली ‘आयओमेम’ फाइल रूट म्हणून उघडा. साध्या वापरकर्त्याला तिथे पत्त्यांच्या जागी शून्यं दिसतात. लॉगमध्ये ‘ओव्हरलॅप डिटेक्टेड’ आलं असेल तर दोन पट्टे एकमेकांवर चढले आहेत. पत्ते दुरुस्त होईपर्यंत ड्रायव्हर लोड करू नका.