स्लॅमची बोली: एक्के विचारण्याआधीचे काम

ब्रिजमध्ये बारा हात होणे ही एक गोष्ट आणि बारा हातांची बोली लावणे ही दुसरी. स्लॅमचा, म्हणजे तेरापैकी बारा किंवा तेरा हातांच्या बोलीचा, बोनस मिळतो तो दुसरीला. बोलीतला आकडा सहाच्या वर किती हात करणार ते सांगतो. व्हल्नरेबल असताना, म्हणजे बोनस आणि दंड दोन्ही मोठे असलेल्या डावात, ४ इस्पिक बोलून बारा हात केले तर ६८० गुण मिळतात, आणि ६ इस्पिक बोलून तेच बारा हात केले तर १४३०. फरक ७५० गुणांचा. उलट ६ इस्पिक एका हाताने बुडाले, तर शंभर गुण प्रतिस्पर्ध्यांना जातात आणि ४ इस्पिकवर हमखास मिळाले असते ते ६५० हातचे जातात. म्हणजे नुकसानही ७५०चेच. म्हणून स्मॉल स्लॅम (बारा हातांची) निम्म्या वेळा होण्यासारखी असेल तर ती बोलणे परवडते. ग्रँड स्लॅमचे, म्हणजे तेराही हातांच्या बोलीचे, गणित निराळे आहे. तेरावा हात आला तर १४६०च्या जागी २२१० मिळतात, पण तो हुकला तर १४३० जाऊन वर शंभर द्यावे लागतात. तेव्हा तीनपैकी दोन वेळा यश येण्याची खात्री नसेल तर सातच्या पायरीकडे न पाहिलेले बरे. टीम सामन्यात ही अट थोडी सैल होते, पण फारशी नाही.

किती पॉइंट लागतात (एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक), हा पहिला प्रश्न बहुतेकांच्या मनात येतो. दोन्ही बाजूंची पाने समतोल असतील आणि बोली नो ट्रंपची, म्हणजे हुकमाशिवायची, असेल, तर चाळीसपैकी ३३ पॉइंटला स्मॉल स्लॅम आणि ३७ पॉइंटला ग्रँड स्लॅम, हा ठोकताळा विश्वासाचा आहे. त्यामागचे कारण साधे आहे: ३३ पॉइंट आपल्याकडे असले की प्रतिस्पर्ध्यांकडे सातच उरतात आणि सात पॉइंटांत दोन एक्के बसत नाहीत. जोडीदाराने १५ ते १७ पॉइंटांवर १ नो ट्रंप उघडले आणि आपल्याकडे समतोल १८ असले, तर काहीही न विचारता ६ नो ट्रंप बोलावे. सोळा असले तर ४ नो ट्रंप बोलावे. येथे ही बोली एक्के विचारत नाही; जोडीदाराकडे मर्यादेतले वरचे पॉइंट असतील तर त्याने सहावर जावे, नसतील तर पास करावे, एवढेच ती सांगते. या ठिकाणी एक्के विचारायचेच असतील तर त्यासाठी ४ किलवरची जर्बर बोली आहे.

हुकूम ठरलेला असला की मात्र पॉइंटांचा हिशोब फसवा होतो, आणि खरे कौशल्य येथूनच सुरू होते. पुढील दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत.

पहिल्या उदाहरणात बोली उघडणाऱ्याकडे, म्हणजे ओपनरकडे, इस्पिकचे एक्का, राजा, गुलाम, ७, ४; बदामचे एक्का, ५; चौकटचे ७, ६, ३; आणि किलवरचे राजा, ८, २ आहेत. जोडीदाराकडे इस्पिकची राणी, १०, ८, ३. बदामचे राजा, गुलाम, ७. चौकटचे एकच पान, ५. आणि किलवरचे एक्का, राणी, १०, ६, ४. पॉइंट पंधरा आणि बारा, मिळून सत्तावीस. तरीही ६ इस्पिक जवळजवळ हमखास होते, कारण चौकटचा एक हात दिल्यानंतर उरलेली दोन चौकट डमीतल्या, म्हणजे जोडीदाराच्या टेबलावर उघड्या ठेवलेल्या पानांतल्या, इस्पिकने मारता येतात, आणि बाकीचे सगळे पॉइंट कामाच्या जागी आहेत.

दुसऱ्या उदाहरणात ओपनरकडे इस्पिकचे एक्का, राजा, राणी, ८, ६, ४. बदामचे राजा, राणी. चौकटचे एक्का, ३. आणि किलवरचे ९, ७, ५. जोडीदाराकडे इस्पिकचा गुलाम, १०, ५, ३. बदामचे एक्का, गुलाम, ४. चौकटचे राजा, राणी, २. आणि किलवरची राणी, ८, ३. येथे एकतीस पॉइंट आहेत, पण किलवरचा एक्का आणि राजा दोन्ही प्रतिस्पर्ध्यांकडे आहेत. पहिल्याच उतारीला किलवर आले की स्लॅम तेथेच संपते.

सत्तावीसला स्लॅम आहे आणि एकतीसला नाही, हे पाने उघडी असताना दिसते; बोलीतून ते कसे कळावे, हा प्रश्न आहे. माझे मत असे आहे की आपल्याकडचे बरेच खेळाडू ४ नो ट्रंपची ब्लॅकवूड, म्हणजे एक्के विचारणारी बोली, फार लवकर काढतात. ईझली ब्लॅकवूड यांनी १९३० च्या दशकात मांडलेली ही बोली म्हणजे स्लॅमपर्यंत नेणारी शिडी नव्हे. स्लॅम आहे असे बाकी सगळ्या अंगांनी ठरल्यावर, दोन एक्के तर बाहेर नाहीत ना, एवढी शेवटची तपासणी करणे हे तिचे काम आहे. दुसऱ्या उदाहरणात ओपनरने ४ नो ट्रंप विचारले तर एकच एक्का बाहेर आहे असे उत्तर येईल, आणि तो समाधानाने ६ इस्पिकवर जाऊन बुडेल.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी हुकूम दोघांच्या बोलीतून निःसंदिग्ध ठरावा आणि गेमखाली (इस्पिकमध्ये ४ च्या खाली) कोणी पास करणार नाही हे स्पष्ट व्हावे. त्यानंतर कोणत्याही रंगात पहिले दोन हात जाणार नाहीत याची खात्री करावी. एक्के त्यानंतर.

मधल्या कामासाठी क्यू बिड आहे. हुकूम ठरल्यानंतर गेमच्या खाली, सर्वांत स्वस्त पडेल त्या रंगातला कंट्रोल दाखवावा. कंट्रोल म्हणजे एक्का किंवा राजा, किंवा त्या रंगात एकच पान असणे वा एकही नसणे (व्हॉइड). जुन्या पद्धतीत आधी केवळ एक्के आणि व्हॉइड दाखवत. आज बहुतेक जोड्या हे आणि राजा वा एकच पान असे दोन्ही प्रकारचे कंट्रोल एकाच बोलीत धरतात, आणि नव्या जोडीने हीच पद्धत घ्यावी असे मी सुचवीन. या पद्धतीचा खरा अर्थ वगळलेल्या रंगात असतो. दुसऱ्या उदाहरणात १ इस्पिकवर जोडीदार जॅकोबी २ नो ट्रंप बोलतो, म्हणजे चार पानांचा आधार आणि गेमची हमी देतो. ओपनर ३ इस्पिक बोलून आपली ताकद जास्त असल्याचे सांगतो. आता जोडीदार ४ किलवर टाळून ४ चौकट बोलतो. चौकटचा कंट्रोल आहे आणि किलवरचा नाही, असे त्याचे सांगणे झाले. ओपनरकडेही किलवरचा कंट्रोल नाही, म्हणून तो अठरा पॉइंट हातात धरून शांतपणे ४ इस्पिकवर थांबतो. अकरा हात होतात आणि गेम पदरात पडतो.

पहिल्या उदाहरणात स्प्लिंटर उपयोगी पडते. १ इस्पिकवर जोडीदार थेट ४ चौकट बोलतो. या उडीचा अर्थ इस्पिकला चार पानांचा आधार, गेमपुरती ताकद आणि चौकटमध्ये जास्तीत जास्त एक पान. ओपनरने आपल्याकडे त्या रंगात काय आहे ते पाहावे. तीन बारीक पाने असणे ही उत्तम बातमी आहे. त्याच जागी राजा आणि राणी असती आणि किलवरचा राजा नसता, तर ते पाच पॉइंट जोडीदाराच्या एका पानासमोर बहुतांशी वाया गेले असते. एकूण पॉइंट दोनने वाढूनही स्लॅम किलवरच्या फिनेसवर, म्हणजे बाहेरचा राजा सोयीच्या बाजूला बसला असेल या आशेवर, लटकली असती आणि तेवढ्यानेही भागले नसते. येथे मात्र बदाम आणि किलवरचे कंट्रोल ओपनरकडेच आहेत, चौकटचा प्रश्न जोडीदाराने सोडवला आहे, आणि आता ४ नो ट्रंप विचारण्याची वेळ खरोखर आली आहे.

आज बहुतेक जण रोमन की कार्ड पद्धत वापरतात. तीत चार एक्के आणि हुकमाचा राजा अशी पाच की कार्डे मोजतात. १४३० (एक-चार, तीन-शून्य) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उत्तरांत ५ किलवर म्हणजे एक किंवा चार, ५ चौकट म्हणजे शून्य किंवा तीन, ५ बदाम म्हणजे दोन पण हुकमाची राणी नाही, आणि ५ इस्पिक म्हणजे दोन आणि राणीही आहे. आपल्या उदाहरणात उत्तर ५ किलवर येते. ओपनरकडे स्वतःची तीन आहेत. एकच की कार्ड बाहेर आहे हे कळते आणि तो ६ इस्पिक बोलतो. पाचही की कार्डे आपल्याकडे असतील तरच ५ नो ट्रंप बोलून राजे विचारावेत, कारण ती बोली जोडीदाराला ग्रँड स्लॅमचे आमंत्रण असते.

कोणी विचारावे, यालाही महत्त्व आहे. ज्याच्याकडे एखाद्या रंगात व्हॉइड आहे, त्याने शक्यतो विचारू नये. जोडीदाराचा एक्का नेमका त्याच रंगाचा निघाला तर उत्तराचा उपयोग होत नाही. कंट्रोल नसलेली दोन-तीन बारीक पाने ज्याच्याकडे एखाद्या रंगात आहेत, त्यानेही आधी क्यू बिड करावी. आणि ज्याने विचारले, निर्णय त्याचाच. उत्तर देणाऱ्याने, विचारणाऱ्याने ५ इस्पिकवर थांबवल्यानंतर, आपली पाने सुंदर आहेत म्हणून सहावर जाऊ नये.

येथे एक सवय सोडावी लागते. आपल्याकडे अनेकांचा हात लहानपणी मेंढीकोटावर बसलेला असतो, आणि त्या खेळात जोडीदाराला डोळ्यांनी काही सुचवणे हा गमतीचा भाग समजला जातो. ब्रिजमध्ये बोलीखेरीज कोणतीही खूण चालत नाही, आणि नकळत झालेला विलंबही खूण ठरू शकतो. ४ नो ट्रंप विचारून उत्तर आल्यावर एखादा मिनिटभर छताकडे पाहून ५ इस्पिक बोलला आणि जोडीदार त्यावर सहावर गेला, तर प्रतिस्पर्धी डायरेक्टरला, म्हणजे सामन्याच्या पंचाला, बोलावतील आणि बहुधा निकाल त्यांच्या बाजूने लागेल. तेव्हा कोणते उत्तर आले तर काय बोलायचे, हे विचारण्याआधीच ठरवून ठेवावे.

साताऱ्याहून सांगलीला सामना खेळायला निघालेल्या जोडीला कराड मागे पडून पेठनाका येईपर्यंत या गोष्टी पक्क्या करता येतात: १४३० की ३०१४ (म्हणजे ५ किलवरला एक किंवा चार मानायचे, की शून्य किंवा तीन), पहिल्या क्यू बिडमध्ये राजा धरायचा की नाही, आणि कोणत्या ४ नो ट्रंपला केवळ आमंत्रण मानायचे. आष्ट्याच्या पुढे एक विषय राखून ठेवावा. ४ नो ट्रंपनंतर प्रतिस्पर्धी ५ बदाम वगैरे मध्ये घुसले, तर नेहमीची उत्तरे बंद होतात. त्यासाठी डबल म्हणजे शून्य किंवा तीन, पास म्हणजे एक किंवा चार, आणि त्यांच्या बोलीवरची पहिली पायरी म्हणजे दोन, असे ठरवून घ्यावे.