जुन्या पिकअपचं गंजलेलं तोंड: मडगार्ड, बोनेट आणि जाळी कशी वाचवायची

मुंबईत जुनी पिकअप मरते ती तोंडाकडून. इंजिन बोअर करून पुन्हा धावतं, गिअरबॉक्स बेअरिंग बदलून गप्प होतो, पण हेडलाइटमागचा पत्रा एकदा पापडासारखा झाला की मालक हात टेकतो आणि गाडी भंगारवाल्याच्या हातगाडीवर तुकड्यातुकड्यांनी जाते. मी आजवर अशा सात गाड्यांची तोंडं उभी केली. त्यातल्या चार फार्गो नावाच्या पिकअप, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जुळवलेल्या. बिल्ला फार्गोचा असला तरी पत्रा डॉज या अमेरिकी गाडीचाच. त्यामुळे १९४८ ते १९५३च्या डॉज पिकअपचं मडगार्ड कुठे सापडलंच तर बसतं. सापडत नाही हा भाग वेगळा. चोर बाजारात हेडलाइटची रिंग मिळेल, जाळीची एखादी पट्टी मिळेल, अख्खं मडगार्ड मिळेल या आशेवर वर्ष घालवू नका. आहे तेच दुरुस्त करायचंय.

हे काम ऑक्टोबरात सुरू करा आणि मेच्या आत रंग चढवून मोकळे व्हा. सांताक्रूझला जून ते सप्टेंबरमध्ये सरासरी २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या हवेत उघडा पत्रा संध्याकाळी चकचकीत ठेवला तर सकाळी चहाच्या रंगाचा दिसतो.

खोलणं

फोटो काढा, बोल्ट पिशव्यांत भरून नावं घाला. अडकलेला बोल्ट तोडू नका, आदल्या रात्री डिझेल सोडा आणि सकाळी नट गॅसवर तापवा. तापवण्याआधी डिझेल पुसून घ्या, बाकी वाद नको.

गंज किती आहे ते बघणं

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, स्क्रूड्रायव्हर घ्या. हेडलाइटच्या वाटीमागे, मडगार्ड केबिनला मिळतं तिथे आणि बोनेटच्या नाकाच्या आतल्या पट्टीपाशी टोचत जा. जिथे टोक आत जातं तिथे पत्रा संपलेला आहे, वरून रंग कितीही तुकतुकीत असो. या तीन जागांचं दुखणं एकच. चाकाने उडवलेला चिखल आतल्या पट्टीवर साचतो, बराच काळ ओला राहतो, आणि गाडी समुद्राकाठी उभी असेल तर त्यात मीठही असतं. म्हणजे गंज आतून बाहेर येतो. बाहेर सुपारीएवढा फोड दिसला तर आत बशीएवढी जागा गेलेली असते.

गंज काढणं

इथे सल्ल्यांचा बाजार आहे. ‘तेजाबात बुडवा, तासाभरात नवं’ हा त्यातला सगळ्यात वाईट. मिठाचं तेजाब गंज खातं हे खरं, पण दुमडलेल्या कडांत शिरलं की निघत नाही. माझ्या पहिल्या बोनेटच्या कडेतून रंग दिल्यावर चार महिन्यांनी तपकिरी पाणी ओघळायला लागलं होतं. रेती मारून घेण्याचा सल्लाही सपाट पत्र्याला नको. जोराने मारली तर पत्रा ताणला जाऊन लाटा येतात, आणि त्या रेतीची धूळ फुप्फुसाला कायमची चिकटते.

मोठ्या भागांना तारेचा कप ब्रश, मग खड्ड्यांतल्या काळ्या ठिपक्यांना फॉस्फोरिक ॲसिडचं गंजनाशक, डब्यावर लिहिलंय तसं. जाळीच्या पट्ट्या, बिजागऱ्या, बोनेटचं कुलूप असल्या बारीकसारीक वस्तूंसाठी प्लास्टिकचं पिंप, पाणी, धुण्याचा सोडा आणि १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. वस्तूला ऋण टोक, लोखंडाच्या भंगार पट्टीला धन टोक. स्टेनलेस स्टीलची पट्टी लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. पिंपातून हायड्रोजन निघतो, म्हणून हे मोकळ्या हवेत करा आणि जवळ विडी पेटवू नका. साखर कारखान्याची मळी नऊ-दहा पट पाण्यात घालून त्यात दोन-तीन आठवडे वस्तू बुडवून ठेवली तरी गंज सुटतो. मी एकदा केलं. वासापायी शेजारच्या गाळ्यातले लोक महिनाभर माझ्याशी बोलत नव्हते.

जुना रंग घासताना ओला करून घासा आणि चांगला मास्क लावा. त्या काळच्या रंगांत शिसं असायचं.

ठिगळ: इथेच सगळं काम बिघडतं

आता मुख्य गोष्ट. मडगार्डचा कुजलेला भाग कापून तिथे नवा पत्रा बसवायचा. मी या टप्प्यावर दोन मडगार्ड वाया घालवली आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या वेळी मी सगळे करतात तेच केलं. भोकावर मोठा तुकडा ठेवला, कडेने एका दमात वेल्डिंगची रेघ ओढली आणि घासून टाकली. पत्रा गार होताना मडगार्डची बाजू आत ओढली गेली. अंगठ्याने दाबलं की तेलाच्या डब्याच्या बुडासारखी टक-टक आत-बाहेर व्हायची. ज्यांच्याकडे शिकत होतो ते उस्ताद म्हणाले, ‘लांबी मार दो, दिखेगा नहीं.’ लांबी म्हणजे खड्डे भरून सपाट करायची पुट्टी. मारली. जवळजवळ बोटभर जाड. दुसऱ्या पावसाळ्यात सायनजवळ गाडी खड्ड्यात आदळली आणि लांबीचा तो अख्खा थर, रंगासकट, रस्त्यावर पडला. खाली माझं ठिगळ होतं, आणि ठिगळाच्या व जुन्या पत्र्याच्या मधल्या फटीत ताजा, ओला, नारिंगी गंज.

त्यात दोन चुका होत्या. एक, पत्र्यावर पत्रा. दोन पत्र्यांमधल्या फटीत पाणी शिरतं, बाहेर येत नाही, आणि तिथे ब्रशही पोचत नाही. म्हणून ठिगळ कडेला कड भिडवूनच बसवायचं. ‘वर चढवलं की मजबूत होतं’ असं कोणी म्हणालं तर त्याला त्याने पाच वर्षांपूर्वी केलेली गाडी दाखवायला सांगा.

दुसरी चूक उष्णतेची. वेल्डिंगच्या रेघेतला पत्रा तापून फुगू पाहतो, पण भोवतीचा गार पत्रा त्याला फुगू देत नाही, म्हणून तो जागच्या जागी दाबला जाऊन जाड होतो. मग गार होताना आकसतो आणि आजूबाजूच्या पत्र्याला आपल्याकडे ओढतो. सलग रेघ ओढली की ही ओढ एका दिशेने साठत जाते. जिथे गोलाई जास्त तिथला पत्रा ही ओढ सोसतो, सपाट जागी सोसत नाही. म्हणून कापायची रेघ सपाट बाजूच्या मधोमध कधीच आणू नका. गरज असो-नसो, तुकडा थोडा मोठा घ्या आणि सांधा गोलाईवर किंवा घडीच्या कडेजवळ न्या. मला हे कळायला दुसरं मडगार्ड खर्ची पडलं.

आता क्रम. गंजाच्या कडेपासून बोटभर पुढे, चांगल्या पत्र्यात कापा. कोपरे गोल ठेवा, टोकदार कोपऱ्यातून चीर जाते. आधी पुठ्ठ्याचा नमुना करा, मग पत्रा कापा. पत्र्याची जाडी अंदाजाने घेऊ नका, व्हर्निअरने मोजा. माझ्या फार्गोंचा पत्रा १.२ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे १८ गेजचा भरला. हल्लीच्या गाड्यांचा ०.७ किंवा ०.८चा असतो, तो इथे चालत नाही. सीआर, म्हणजे थंड लाटलेला साधा पोलादी पत्रा घ्या. जस्ताचा जीआय पत्रा घेऊ नका. वेल्ड करताना जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो आणि टाक्यात भोकं पडतात ती वेगळीच.

ठिगळाला गोलाई आधी द्या, भोकात ठेवून मग ठोकू नका. वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने ठोकत, दर चार ठोक्यांनी मडगार्डवर लावून बघत. कंटाळवाणं काम आहे. एका हेडलाइटच्या वरच्या भागाला मला अख्खा रविवार लागतो. तुकडा हात सोडल्यावरही भोकात जागच्या जागी बसला आणि चहूबाजूंनी वेल्डिंगच्या तारेएवढी फट राहिली, की जमलं.

वेल्डिंग सीओटू मशिनने, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसच्या आडोशात तार वितळवणाऱ्या मशिनने, ०.८ मिलिमीटरची तार. कुणाकडे गॅस वेल्डिंगचा खरा जाणकार म्हातारा उस्ताद असेल तर त्याच्याकडून करून घ्या, गॅसचा टाका मऊ असतो आणि हातोड्याखाली छान पसरतो. पण तसा हात आता क्वचित मिळतो आणि तुमचा-माझा तो नाही. आधी त्याच जाडीच्या भंगारावर टाके मारून बघा आणि पाठ फिरवून बघा. मागे उंचवटा उतरला असेल तरच टाका आत गेलाय.

मग टाके. रेघ नाही, टाके, म्हणजे वेल्डिंगचे सुटे ठिपके. एक वर, एक खाली, एक डावीकडे, एक उजवीकडे, तीन-तीन सेंटिमीटरवर. प्रत्येक टाक्यानंतर हाताची पाठ लावून बघा. चटका बसला तर थांबा. मी तेवढ्या वेळात जाळीच्या पट्ट्या घासतो, कारण नुसतं बसलं की हात शिवशिवतो आणि ‘एकच अजून’ म्हणत माणूस घात करतो. ओल्या फडक्याने गार करायचा मोह आवरा. पत्रा एकदम आकसतो, आणि लपलेल्या कडेत पाणी सोडायचंच असतं तर एवढी खटपट कशाला? फट मोठी होऊन भोक पडत असेल तर मागे तांब्याची जाड पट्टी धरा, तांब्याला टाका चिकटत नाही.

आणि आता ती गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. प्रत्येक टाका गार झाला की त्याचं डोकं कटिंग व्हीलच्या धारेने जवळजवळ सपाट करा, मागे डॉली, म्हणजे हातात मावणारा लोखंडी ठोकळा, धरा आणि टाक्यावरच हलके ठोके द्या. आकसलेला पत्रा ठोक्याने परत पसरतो आणि ओढ सुटते. हे शेवटी एकदम करायचं नाही, टाका-टाका करायचं. डॉली आणि सपाट तोंडाचा हातोडा नागदेवी स्ट्रीटवर मिळतो. तोंड आरशासारखं घासलेलं हवं, नाहीतर त्याचा प्रत्येक ओरखडा पत्र्यावर छापला जातो. पूर्ण कड भरून झाल्यावर ग्राइंडरला लावायच्या फ्लॅप डिस्कने (घासकागदाच्या पाकळ्यांच्या चकतीने) घासा, पण पत्रा निळा होऊ देऊ नका. निळा झाला म्हणजे वेल्डिंगमध्ये टाळलेली उष्णता तुम्ही ग्राइंडरने परत आणलीत.

जमलंय की नाही ते डोळे मिटून तळव्याने कळतं. पातळ सुती फडकं मध्ये ठेवून हात फिरवा, बारीकशी लाटही लागते.

रंगाआधी जुळवून बघा

सगळे उघडे भाग एकदा गाडीवर चढवा. रेडिएटरची चौकट, दोन्ही मडगार्ड, जाळी, बोनेट, या क्रमाने. बोनेटची फट एका बाजूला बोटभर आणि दुसऱ्या बाजूला कागदाएवढी निघाली तर चौकटीखालच्या चकत्या कमी-जास्त करा. रंग झाल्यावर हे करायला गेलात तर प्रत्येक कड खरवडली जाईल. याच वेळी हेडलाइट बसवून बघा. सात इंची गोल दिवा वाटीत तिरका बसत असेल तर तुमच्या ठिगळाची गोलाई चुकली आहे, आता तरी कबूल करा.

प्रायमर, लांबी, रंग

शेवटचा घासकागद मारला, थिनरने पुसलं, की त्याच दिवशी दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर. उद्यावर टाकू नका, दुपारी घासलेल्या पत्र्यावर रात्रीत गंज धरतो. गंजनाशक ॲसिड वापरलं असेल तर ते आधी पूर्ण निष्प्रभ करून धुवा आणि वाळवा, नाहीतर त्यावर इपॉक्सी पकडत नाही. ‘सध्या रेड ऑक्साइड मारून ठेवा’ हा सल्ला गावाकडच्या खिडकीच्या गजांना ठीक आहे. इथल्या दमट हवेत तो थर ओल ओढतो आणि वरचा रंग त्याला सुरकुत्या पाडतो.

लांबी इपॉक्सीच्या वर, उघड्या पत्र्यावर नाही, कारण लांबी स्वतःच ओल पिते. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त लागत असेल तर परत हातोड्याकडे जा.

रंगाबद्दल मी फार सांगत नाही, ज्याचा हात बसलाय त्याला द्या. मात्र हार्डनर घातलेला रंग फवारताना साधा कापडी मास्क पुरत नाही.

आतली बाजू

मडगार्ड आणि केबिनच्या मधली जुनी कापडी पायपिंग (फटीत बसवलेली गोल पट्टी) फेकून द्या, ती वात होऊन पाणी ओढते. नवी रबरी किंवा रेक्झिनची लावा. सांध्यांना सीलर, हेडलाइटच्या वाटीमागे आणि बोनेटच्या दुमडीत मेणाचा पोकळी-फवारा, तोही रंग पूर्ण वाळल्यावर.

पाणी निघायची भोकं मात्र सीलरने बुजवू नका. उत्साहाच्या भरात माणूस तीच आधी बुजवतो, मीही बुजवली होती. मेच्या शेवटी सायकलच्या चाकाची एक तार घ्या, गाडीखाली आडवे व्हा आणि मडगार्डच्या आतल्या पट्टीतलं एकेक भोक मोकळं करा. मग वरून तांब्याभर पाणी ओता आणि ते खालून किती वेळात येतं ते बघा. थेंबथेंब आलं तर आत चिखल आहे, परत तार घाला.