माणूस सुधारतोय का? वाचनालयात दीड तासाचा चर्चावर्ग घेण्याची पद्धत

साताऱ्या-सांगलीकडच्या गावच्या वाचनालयात बारा ते पंधरा जण पुरेत. वीसच्या पुढे गेलं की चर्चेचं व्याख्यान होतं. फळा, खडू आणि प्रत्येकाला दोन कोऱ्या चिठ्ठ्या, एवढंच सामान.

पहिली 20 मिनिटं शब्दांना द्या. फळ्यावर तीन रकाने आखा: चूक, गुन्हा, पाप. दुधात पाणी घालणं, लाच देणं, म्हाताऱ्या आईबापाला न सांभाळणं कुठं बसतं, ते आधी चिठ्ठीवर लिहून घ्या. थेट बोलायला लावलं की सगळे गावातल्या वडीलधाऱ्यांचीच री ओढतात. इथं एक घोळ हमखास होतो. आपल्याकडं पाप म्हणजे बहुधा केलेलं कर्म. माहुलीच्या संगमावर ते धुता येतं अशी श्रद्धा. ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मचिंतकाने (354–430) मांडलेलं आदिपाप मात्र जन्मासोबतच येतं, आणि बाप्तिस्म्यानंतरही वासना उरतेच, असं तो म्हणतो.

पुढची 15 मिनिटं कोंडोर्से या फ्रेंच विचारवंताची. ज्ञान वाढेल तसा माणूस सुधारत जाईल, हे त्याने फ्रेंच राज्यक्रांतीत अटक चुकवून लपलेला असताना लिहिलं. मार्च 1794 मध्ये तो कोठडीत मेला. लोक हसतात. हसू द्या, पण त्याने मुद्दा खोडला जात नाही.

मग 40 मिनिटं एकाच उदाहरणावर. 2001 ते 2011 या काळात महाराष्ट्राची साक्षरता सुमारे 77 वरून 82 टक्क्यांवर गेली. 0 ते 6 वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली मात्र 913 वरून 894 वर आल्या. आकडे शेजारी-शेजारी लिहा आणि दोन मिनिटं गप्प बसा. मग सांगा, 2011 मध्येच साताऱ्यात 285 'नकुशां'ना, म्हणजे मुलगी नको होती म्हणून तसं नाव ठेवलेल्या मुलींना, नवी नावं दिली गेली. ही प्रगती म्हणायची का?

'शिक्षण वाढवा' असं कुणीतरी म्हणेलच. तेव्हा गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा काढा: राज्याचा 1988 चा, केंद्राचा 1994 चा. गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीमागे 'एफ' फॉर्म भरावा लागतो. डॉक्टर तर चांगले शिकलेले, मग फॉर्म कशाला? कायद्याने त्यांनाही मोह होणार हे धरूनच ठेवलंय. चर्चा इथं तापते, थांबवू नका.

शेवटची 15 मिनिटं दुसरी चिठ्ठी. मोह कुणालाही होतो हे धरून, आपल्या पतसंस्थेत, मंडळात, भिशीत रोकड सांभाळणारा आणि हिशेब लिहिणारा एकच माणूस कुठं आहे, ते लिहायचं. पदाचं नाव चालेल, माणसाचं नको. नाहीतर पुढच्या वेळी निम्मे लोक येत नाहीत.