हिरड्यांतून रक्त येतंय? या चुका टाळा

ब्रश करताना रक्त दिसलं की बरेचजण त्या जागेला ब्रश लावणंच सोडतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दात आणि हिरडी मिळतात त्या कडेला जंतूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, साचतो. त्याने हिरडी सुजते आणि जरासा धक्का लागला तरी रक्त येतं. ती जागा टाळली की थर वाढतो, रक्तही वाढतं. तिथेच मऊ ब्रशने, हलक्या हाताने, रोज साफ करा. नुसती सूज असेल तर एक-दोन आठवड्यांत रक्त कमी होतं. नाही झालं, तर दंतवैद्यांना दाखवा.

जोर लावून आडवं घासणंही तितकंच वाईट. हिरडी मागे सरते, मुळं उघडी पडतात आणि कडेचा प्लाक तसाच राहतो. ब्रशच्या केसांचा रोख हिरडीकडे, साधारण 45 अंशांत ठेवा. दोन-तीन दातांवर जागच्या जागी बारीक हलवा, मग पुढे सरका. असं दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू हमखास सुटते. लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडत असल्याने कीटण, म्हणजे कडक झालेला प्लाक, तिथे लवकर जमतं.

दातांमधल्या फटींत ब्रश पोहोचत नाही. मोकळी फट असेल तर इंटरडेंटल ब्रश, म्हणजे फटीत घालायचा बारीक ब्रश, वापरा. तो किंचित घट्ट बसावा, पण जबरदस्तीने घुसवू नका. वेगवेगळ्या फटींना वेगवेगळे आकार लागू शकतात. दात चिकटून असतील तर फ्लॉस, म्हणजे दातांमध्ये घालायचा बारीक धागा, घ्या. तो खटकन खाली दाबला तर हिरडी कापते. दाताला वळसा देऊन वर-खाली फिरवा.

माउथवॉशने चिकटलेला थर निघत नाही. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा माउथवॉश दंतवैद्यांनी सांगितला असेल तेवढेच दिवस वापरा. जास्त दिवसांनी दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बदलते. टूथपेस्टनंतर लगेच घेतला तर त्याचा असर कमी होतो, म्हणून मध्ये अर्धा तास जाऊ द्या. मनाने अँटिबायोटिक तर घेऊच नका, मूळ कारण जागेवरच राहतं.

‘स्केलिंगने (दंतवैद्यांकडून कीटण काढून घेतल्याने) दात हलतात’ या भीतीपायी कित्येकजण वर्षं घालवतात, आणि नुकसान होतं ते याच काळात. प्लाक कडक होऊन कीटण झालं की ते ब्रशने निघत नाही. हिरडीच्या आजाराने दाताभोवतीचं हाड आधीच झिजलेलं असतं आणि ती पोकळी कीटणाने भरलेली असते. कीटण काढलं की फट आणि दाताचं हलणं उघड होतं, एवढंच. काही दिवस ठणका लागेल, तो ओसरतो.

तपासताना दंतवैद्य हिरडी आणि दातामधली खोली मोजतात. 1 ते 3 मिलिमीटर ठीक. 4 किंवा जास्त असेल आणि रक्तही येत असेल, तर हिरडीखाली मुळांची सफाई लागू शकते. गेलेलं हाड सहसा परत येत नाही, म्हणून पुढच्या तपासण्या चुकवू नका.

धूम्रपान करणाऱ्यांनी रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. तंबाखूने रक्तस्राव झाकला जातो, आजार आत वाढत राहतो. मधुमेह असेल तर साखर आणि हिरड्या एकमेकांना बिघडवतात, दोन्हींकडे लक्ष हवं. अ‍ॅम्लोडिपीन (रक्तदाबाची गोळी) किंवा फेनिटॉइनने (फिट्सची गोळी) हिरड्या फुगू शकतात. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

पू येत असेल किंवा दात हलू लागला असेल तर लगेच वेळ घ्या. चेहऱ्यावर सूज, ताप, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास असेल तर थेट रुग्णालय गाठा.