जुन्या छर्र्याच्या बंदुकीची पॉवर वाढवायला निघालात? आधी या चुका टाळा

सारंगखेड्याच्या यात्रेला पंधरा-वीस दिवस राहिले की माझ्या दुकानात फुगेवाल्यांच्या बंदुका यायला लागतात. त्या बिचाऱ्या गावोगावच्या यात्रा करून दमलेल्या असतात, त्यांचं मी समजू शकतो. डोकं फिरतं ते दुसऱ्या गिऱ्हाईकामुळे. आजोबांची जुनी एअर गन माळ्यावर सापडते, पठ्ठ्या मोबाईलवर दोन व्हिडिओ बघतो आणि दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या म्हणतो, "भाऊ, हिची पॉवर वाढवून द्या." अरे बाबा, आधी ती धड चालते का ते तर बघ.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जाड स्प्रिंग. सगळ्यांना वाटतं स्प्रिंग कडक केली की छर्रा जोरात जाईल. थोडाफार जाईलही, पण छर्रा स्प्रिंगने जात नाही, हवेने जातो. स्प्रिंग पिस्टनला ढकलते, पिस्टन सिलिंडरमधली हवा दाबतो, ती हवा छर्र्याला ढकलते. सिलिंडरमधे हवा मावते तेवढीच मावणार, स्प्रिंग रणगाड्याची टाकली तरी. उरलेला जोर मग पिस्टन पुढच्या भिंतीवर आपटण्यात आणि बंदूक हातात उडण्यात जातो.

गेल्या उन्हाळ्यात शहाद्याकडचा एक पोरगा आला, उजव्या अंगठ्याला हे एवढं बँडेज. कुठल्या तरी मोपेडच्या शॉकअपची स्प्रिंग ग्राइंडरने कापून त्याने आत कोंबली होती, टोक सपाट घासायचेही कष्ट घेतले नव्हते. आता बंदूक सांध्यात वाकवून नळी खाली ओढली की स्प्रिंग दबते आणि पिस्टन मागे जाऊन खटक्यात अडकतो, 'कट्' असा आवाज येतो. याच्या स्प्रिंगचे वेढे त्याआधीच एकमेकांना टेकत होते, म्हणजे पिस्टनला मागे जायला जागाच नाही. एवढ्यावर माणसाने थांबावं ना, पण नाही, पठ्ठ्याने नळीवर पाण्याचा पाइप चढवला आणि गुडघा लावून ओढली. खटका कसाबसा काठावर अडकला, याने छर्रा भरायला अंगठा पुढे केला आणि खटका सुटला. उघडी नळी खाडकन वर बसली. नख गेलं, हाड वाचलं, नशीब.

बंदूक माझ्यापुढे ठेवून तो विचारतो, "भाऊ, हाई काय व्हयनं?" मी नळी काढून काऊंटरच्या काचेवर आडवी ठेवली आणि हळूहळू फिरवली, एका जागी मधे एवढी फट की पोस्टकार्ड आरामात सरकलं. नळी वर वाकलेली. सिलिंडरच्या आत त्या कापलेल्या टोकाने खालपासून वरपर्यंत चरे पाडलेले, बोटाला लागत होते. आजोबांनी कित्येक वर्षं सांभाळलेली वस्तू नातवाने एका दुपारी भंगारात काढली.

म्हणून माझी सवय अशी की स्प्रिंग बदलायचीच असेल तर जुन्या स्प्रिंगच्या तारेची जाडी, बाहेरचा व्यास आणि वेढे मोजून वहीत लिहितो आणि तशीच बसवतो. आणि खटका कितीही चांगला असो, नळी उघडी असताना एका हाताने ती दाबून धरल्याशिवाय छर्रा भरत नाही.

जरा हिशोब पण करा. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 170 मीटरने गेला तर त्याची ताकद साधारण 7 ज्यूल होते. 10 मीटरवर कागद मारायला एवढं भरपूर आहे, अभिनव बिंद्राने 2008 ला बीजिंगमधे सोनं आणलं ते याच अंतरावर, आणि तिथे 10 गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे लागतो नेम, जोर नाही. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 20 ज्यूलच्या वर किंवा 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीची एअर गन परवान्यात जाते, ते वेगळंच. आणि "पाखरं मारायला पाहिजे" म्हणणाऱ्याला मी दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवतो.

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे तेल. यात्रेतला एक फुगेवाला मोठ्या कौतुकाने म्हणाला, मी रोज सकाळी हवेच्या भोकात शिलाई मशीनचं तेल सोडतो, मग बघा कसा आवाज निघतो! आवाज निघणारच. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग असतो का? नसतो, हवा जोरात दाबली की तापते आणि डिझेल आपोआप पेटतं, शेतात इंजिन चालवणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. तेच बंदुकीच्या आत होतं. तेल पेटतं, धडाम होतं, नळीतून धूर येतो, जळका वास येतो आणि पोरं खूश, पॉवर वाढली म्हणून! तिकडे आत पिस्टनच्या टोकाचा, हवा अडवणारा वायसर जळतो आणि स्प्रिंगला उलटा दणका बसतो. त्याची स्प्रिंग मी बाहेर काढली तर तीन तुकडे हातात आले.

कातडी वायसर असेल तर त्याला तेल लागतं हे खरं, कोरडा पडला की हवा सोडतो. पण थेंब दोन, आणि रात्रभर बंदूक उभी ठेवायची. नवा कातडी वायसर मी आदल्या रात्री तेलात भिजत घालतो आणि सकाळी फडक्यात दाबून निथळतो. प्लास्टिकचा असेल तर सिलिकॉन तेलाचा एक थेंब, तोही क्वचित.

बाकीचं पटापट सांगतो. छर्रा न भरता चाप ओढू नका, पिस्टनपुढे हवेची गादी राहत नाही आणि तो सरळ लोखंडावर आपटतो. मागचं बूच क्लॅम्पशिवाय उघडू नका, स्प्रिंग आत दबूनच बसलेली असते, बूच तोंडावर येतं. मी सुताराचा लांब क्लॅम्प वापरतो, टोकाला लाकडाचा ठोकळा. फुगा फोडून पडलेले छर्रे उचलून परत भरू नका. आणि शिसं हाताळून तसंच भजी खाऊ नका, हात धुवा.

छर्रे इकडेतिकडे जात असतील तर स्प्रिंगला दोष देण्याआधी कुंद्याचे, म्हणजे खांद्याला लावायच्या लाकडाचे, स्क्रू बघा, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बंदुकांचं दुखणं तेवढंच असतं. मग नळीच्या सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून एक छर्रा मारा, पट्टी फडफडली तर तिथलं सील गेलंय. काही रुपयांचं रबर.

आता तो प्रश्न, जो रावेर-यावलकडची केळीवाली मंडळी दबक्या आवाजात विचारतात. घरात परवान्याची जुनी पॉइंट टू टू, म्हणजे छोट्या काडतुसाची रायफल आहे, रानडुकरं बाग लोळवतात, हिला मोठ्या काडतुसाची करून देता का? नाही. पॉइंट टू टू चं काडतूस रिमफायर, म्हणजे त्यात ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, पिनने ती कड चेपायची असते म्हणून पितळ पातळच ठेवावं लागतं, म्हणून दाबही कमी. 1887 पासून बाजारात असलेलं हे काडतूस, रायफल बनते ती त्याच्याच मापाने. मोठ्या काडतुसाचा दाब सहज दुप्पट असतो, आणि तो मागे येतो कुठे तर तुमच्या डोळ्यापुढच्या, काडतुसाला मागून अडवणाऱ्या बोल्टवर. परत 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय हत्यारात असला बदल करणं गुन्हा आहे, करणाराही आत जातो. स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमधे 50 मीटरवर ब्राँझ मिळवलं ते पॉइंट टू टू रिमफायरवरच, तिला कमी समजू नका. डुकरांसाठी वनखात्याकडे नुकसानीचा अर्ज करा.

शहाद्याच्या त्या पोराला जुनी नळी कुठूनतरी मिळाली, मूळ स्प्रिंग त्याच्या आजीने कपाटात जपून ठेवली होती. बंदूक परवा बसवून दिली. आता दहा पावलांवरून काडेपेटी पाडतो म्हणे, पण भरताना अजून डोळे मिटतो.